सुमनकाकूंचा नीळकंठ आणि वीस नंबरची दुर्बीण

आमच्या गच्चीवर दोन गोष्टी रोज साचतात. एक सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांकडून येणारी काळी धूळ आणि दुसरे किस्से. धूळ सकाळी झाडावी, तर संध्याकाळी पुन्हा तळपायाला लागते. किश्श्यांचंही तेच. एक सांगून संपवावा, तर चहा गार व्हायच्या आत त्याच माणसाचा दुसरा तयार. धुळीबद्दल निदान लोक तक्रार तरी करतात.

गच्ची म्हणजे रायपूरच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगची. संध्याकाळी वर चौघं जमतो. मनोहरकाका पांढरीपांडे, रेल्वेचे रिटायर्ड गार्ड, राहायला तळमजल्यावर. गजूभाऊ धोटे, पंडरीच्या कापडबाजारात दुकान. आर्वीकर गुरुजी, बारशापासून वास्तुशांतीपर्यंत इथल्या मराठी घरांचं सगळं त्यांच्याच हातून होतं. आणि चौथा मी, सरकारी नोकर. राज्य नवं झालं, राजधानी नवी झाली, माझं टेबल मात्र भोपाळहून ट्रकमध्ये आलेलं तेच जुनं, एक पाय आखूड असलेलं.

आता मुख्य मामला सांगतो, म्हणजे पुढचा सगळा पोरखेळ आम्ही काहून केला ते कळेल.

दसऱ्याला नीळकंठ पक्षी दिसला की वर्ष चांगलं जातं, हे आमच्या विदर्भातही मानतात आणि इकडे छत्तीसगडातही. काकांच्या घरच्या सुमनकाकू जरा जास्तच मानतात. माहेरी वर्ध्याकडे होत्या तेव्हापासून त्यांचा एकही दसरा नीळकंठाशिवाय गेला नव्हता. रायपुरातही पूर्वी अडचण नव्हती. समोरच्या विजेच्या तारेवर तो स्वतःहून येऊन बसायचा, काकू दारात उभ्या राहून हात जोडायच्या आणि मग सोनं वाटायला मोकळ्या व्हायच्या. पण रायपूर राजधानी झालं. समोरचं मैदान गेलं, रस्ता रुंद करताना झाडं गेली, आणि नीळकंठानं आपला मुक्काम शहराबाहेर हलवला. लागोपाठ दोन दसरे कोरडे गेले. पहिल्या वर्षी काकूंचा उजवा गुडघा गेला, दुसऱ्या वर्षी डावा.

नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले. काका तयार होते. त्यांची मुलगी शुभांगी बँकेत आहे, तिनं रजेची सोय करून ठेवली होती. काकूंनी मात्र एकच सांगितलं, "आधी नीळकंठ दिसू द्या. मग कापा कुठं कापायचं ते."

काकांनी मराठीत समजावलं, शुभांगीनं हिंदीत. ही पोट्टी मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीतच देते, आमच्याकडची नवी पिढी तशीच आहे. दोन्ही भाषांचा उपयोग शून्य. काकू ओट्याला धरून स्वयंपाक करायच्या, भिंतीला धरून देवघरापर्यंत जायच्या, आणि वाटेत कोणी पाहत असलं तर मुद्दाम थांबून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायच्या. काकांना ते पाहवायचं नाही. ते मग गच्चीवर येऊन आमच्यावर चिडायचे.

* * *

पहिला उपाय काकांनी एकट्यानंच केला होता, दुसऱ्या कोरड्या दसऱ्याला.

दसऱ्याच्या सकाळी गल्लीतून पक्षी धरणारे लोक पिंजरा घेऊन फिरायचे. दर्शन घ्या, दक्षिणा द्या. काका त्यातल्या एकाला घरातच घेऊन आले. काकू पलंगावर बसलेल्या. पिंजऱ्यावर फडकं, आत नीळकंठ अंग चोरून बसलेला. काकांना वाटलं, झालं काम.

काकू म्हणाल्या की पिंजऱ्यातला देव मले काय देईल, आधी सोडा त्याले. तो पक्षीवाला कुरकुरला, पण काकांनी त्याची समजूत काढली आणि खिडकीपाशी पिंजरा उघडला. नीळकंठ भर्रकन काकूंच्या डोक्यावरून गेला, पंख्याला वळसा घातला आणि खिडकीबाहेर. सगळी खोली क्षणभर निळी झाली असं काका सांगतात.

"दिसला न?" काकांनी विचारलं.

"नाही. माझे डोळे मिटले होते."

"काहून?"

"तो नीट सुटावा म्हणून देवाले हात जोडले होते न मी."

काकांनी रिकामा पिंजरा पक्षीवाल्याच्या हातात दिला. पण त्यातून एक नियम पक्का झाला. नीळकंठ आपल्या मर्जीनं आला पाहिजे आणि आपल्या घरून दिसला पाहिजे. गाडीत बसवून शेतात नेऊन दाखवलेला काकूंना चालणार नव्हता. त्यांच्या आईचं तसं सांगणं होतं म्हणे. शोधत गेलं की तो दिसतो, पावत नाही.

आता घरून दिसायचा म्हणजे उरली गच्ची. आमच्या गच्चीवरून शहराची हद्द संपते तिकडचे कालव्याकाठची शेतं दिसतात. शेतात हाय टेन्शनचे टॉवर आणि एक वाळलेलं झाड. साध्या डोळ्यांना ते झाड उदबत्तीच्या काडीएवढं दिसतं. त्यावर पक्षी बसलाय की पान उरलंय, कोण सांगणार?

म्हणून दुर्बीण.

* * *

घ्यायच्या आधी शास्त्र विचारणं आलं. गुरुजींना दोन प्रश्न टाकले. गच्ची घरात मोजायची का? आणि काचेतून घेतलेलं दर्शन लागतं का?

पहिल्याचं उत्तर गुरुजींनी लगेच दिलं. गच्चीवर पापड वाळवता न, मग ते घरच. दुसऱ्याला त्यांनी वेळ घेतला. डोळे मिटले, पंचांग चाळलं, चहा मागवला. मग म्हणाले की मी स्वतः चष्मा लावून आरती करतो, देवानं आजवर हरकत घेतलेली नाही. चष्मा चालतो तर दुर्बीण म्हणजे मोठा चष्माच.

काकू तळमजल्यावर खिडकीत बसल्या होत्या, त्यांना निकाल कळवला. त्यांनी मान्य केला. फक्त इतकं म्हणाल्या की गुरुजींना जरा मोठ्या अक्षरांचं पंचांग घेऊन द्या.

* * *

खरेदीला गोल बाजारात गेलो ते गजूभाऊंना पुढे घालून. कारण काय, तर त्यांना मालाची पारख आहे. आता कापडाची पारख आणि दुर्बिणीची पारख यात काय नातं, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

घड्याळं, टॉर्च, कॅमेरे असलं सगळं ठेवणारा दुकानदार. चांगला माणूस होता. त्यानं आठ नंबरची दुर्बीण पुढे केली आणि सांगितलं की हातात धरून पाहायला हीच बरी, चित्र स्थिर राहतं, आजूबाजूचंही दिसतं. गजूभाऊंचा चेहरा असा झाला की जणू त्यांना कोणी अस्तराचं कापड शेरवानीला दाखवलं.

"आठ? भैया, पंछी देखना है, पंछी का पिंजरा नहीं. बडा नंबर निकालो."

दहा निघाली, बारा निघाली. गजूभाऊ पट्टा बोटांत चोळून पाहायचे, डबी उलटी करायचे, मान हलवायचे. पंडरीत साठ काउंटच्या सुतापेक्षा शंभर काउंटचं चांगलं असतं, एवढं एक सूत्र धरून त्यांनी सगळी वरची फळी खाली उतरवली. शेवटी वीस बाय पन्नास निघाली. काळी, जाडजूड, हातात घेतली की मनगट खाली जावं. दुकानदार शेवटपर्यंत सांगत होता की यह हाथ में नहीं टिकेगी. गजूभाऊंनी त्यालाच उलट विचारलं की हिचा रंग तर जाणार नाही न.

संध्याकाळी गच्चीवर उद्घाटन. गुरुजींनी कुंकू लावलं, ते नेमकं काचेला लागलं. पुसून गजूभाऊंनी डोळ्याला लावली आणि एकदम ओरडले की दूरची पाण्याची टाकी हलून राहिली आहे. बिल्डिंगी हलून राहिल्या आहेत. सगळं रायपूर हलून राहिलं आहे. ते खिशातून मोबाइल काढून दुकानात फोन लावणार होते की सगळे बाहेर निघा.

शुभांगी पापड गोळा करायला वर आली होती. ती शांतपणे म्हणाली, "चाचा, हिल तो आपका हाथ रहा है. बीस गुना बडा दिखेगा, तो बीस गुना हिलेगा भी."

गजूभाऊंनी मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले की हे खोक्यावर लिहायला पाहिजे होतं.

* * *

हात हलतो, तर टेकवायला काहीतरी पाहिजे. कठडा बुटका पडायचा, पाण्याची टाकी उंच. मग आमच्या लक्षात आलं की गच्चीवर एक गोष्ट बरोबर त्या उंचीची आहे आणि ती म्हणजे गुरुजी.

गुरुजींचा देह भरीव आणि स्वभाव शांत. त्यांना कठड्याकडे तोंड करून उभं केलं, खांद्यावर टॉवेलची घडी, घडीवर दुर्बीण, मागे मी. खरंच चांगलं दिसायला लागलं. टॉवर दिसला, टॉवरचे खिळे दिसले, आणि वाळलेल्या झाडाशी पोचतो न पोचतो तोच चित्र वर खाली व्हायला लागलं, लयीत.

"गुरुजी, मंत्र मनात म्हणा."

"मनातच म्हणून राहिलो बाप्पा. पोट आपोआप हलते."

काकांनी मग त्यांना श्वास रोखायला सांगितलं. त्यांनी रोखला. पण वीस नंबरच्या दुर्बिणीत दिसतं ते ताटलीएवढं. टॉवर कुठे, झाड कुठे, शोधता शोधता वेळ जातो. मी झाडाच्या बुंध्यापर्यंत आलो आणि गुरुजी मटकन खाली बसले. काकू खालून ओरडल्या की वर कोणी पडलं का. काकांनी सांगितलं की कोणी नाही, स्टँड पडला.

* * *

मग आला टेलिस्कोप. तो माझा दोष नाही, आमच्या ऑफिसातल्या एका भल्या माणसानं चंद्र पाहायला घेतलेला, त्याला स्वतःचे तीन पाय होते. त्यानं प्रेमानं आणून दिला. तो लावला, झाडाकडे वळवला, आणि झाड आकाशातून खाली लोंबत होतं. सगळंच उलटं. मुळं वर, शेंडा खाली.

टेलिस्कोपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला की तो ताऱ्यांसाठी आहे, ताऱ्यांना वर खाली काही नसतं. बरोबर आहे, पण नीळकंठाला असतं. गुरुजींकडे सगळ्यांनी पाहिलं. गुरुजी गंभीर झाले. त्यांचं म्हणणं पडलं की उलटा नीळकंठ दिसला तर फळही उलटं जायची शक्यता नाकारता येत नाही. काकांचा चेहरा पडला. चांगले गुडघे उरलेच नव्हते, तरी ते घाबरले.

गजूभाऊंनी टेलिस्कोप गोल फिरवून पाहिला. झाड उलटंच. त्यांनी तो आडवा केला, मग पालथा केला, पण झाड काही ऐकेना. शेवटी गुरुजींनाच कल्पना सुचली की यंत्र फिरत नसेल तर माणूस फिरवावा. त्यांनी धोतर सावरलं, टेलिस्कोपकडे पाठ केली, कमरेत वाकले आणि दोन पायांमधून मागे पाहत डोळा काचेला लावला.

"आलं," ते खालून म्हणाले, "झाड सरळ आलं."

नेमके त्याच वेळी समोरच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी तिवारीजी गच्चीच्या दारात उभे होते. चार मराठी माणसं रोज संध्याकाळी दुर्बीण घेऊन गच्चीवर बसतात, अशी त्यांच्याकडे तक्रार आली होती. ते रागानं जिने चढून आले होते आणि समोर पाहतात तर आर्वीकर गुरुजी, ज्यांच्या हातून तिवारीजींच्याही घरची वास्तुशांत झाली होती, ते डोकं खाली आणि बाकी सगळं वर करून त्यांच्याच बिल्डिंगकडे पाहत आहेत.

खूप समजवावं लागलं. नीळकंठ, काकू, गुडघे, सगळं. तिवारीजींचा विश्वास बसेना. खातरी करायला त्यांनी स्वतः टेलिस्कोपला डोळा लावला आणि चुकून तो त्यांच्याच गच्चीकडे वळला. मग त्यांनी डोळा चोळून पुन्हा लावला.

त्यांच्या कुंड्यांतली जास्वंद रोज कोण तोडतं, यावरून त्या बिल्डिंगीत महिनोन् महिने भांडण चालू होतं. तिवारीजींनी जिन्यात सूचना लावली होती, खालच्या मजल्यावरच्यांशी बोलणं टाकलं होतं.

"उल्टी दिखी," ते हळूच म्हणाले, "पर हमारी अम्मा ही है."

तक्रारीचं पुढे काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिवारीजीही संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले, स्वतःची खुर्ची घेऊन.

* * *

टेलिस्कोप परत केला आणि दुर्बिणीसाठी खरा स्टँड शोधला. तो मिळाला लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एकाकडे. पण तो म्हणाला की स्टँड एकटा जात नाही, मी सोबत येईन. आला. काकू गच्चीवर नव्हत्या तर त्याला चैन पडेना. मुख्य पार्टी कुठे आहे, असं तो सारखा विचारायचा. शेवटी त्यानं काकांनाच दुर्बिणीजवळ उभं केलं, हनुवटी जरा वर करायला लावली आणि दूरवर पाहत हसायला सांगितलं. काका म्हणाले की मला हसू येत नाही. तो म्हणाला की अंकल, नवरदेवाला पण येत नाही.

काकांना खरंच हसू येत नव्हतं. दसरा जवळ आला होता. त्या आठवड्यात काकू देवघराजवळ बसल्या त्या उठू शकल्या नाहीत, शुभांगी बँकेतून येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. काका भाजी आणायला गेले होते. परत आल्यावर काकूंनी त्यांना सांगितलं की आज जप जरा लांबला. काकांनी ते आम्हाला गच्चीवर सांगितलं आणि मग उगाच स्टँडचे स्क्रू आवळत बसले.

* * *

पण स्टँडनं काम केलं, आणि मुख्य पार्टी काही येत नाही म्हणून त्याचा मालक तो दसऱ्यापर्यंत आमच्याकडे ठेवून गेला. दुर्बीण हलेना. काकांनी गार्डाच्या सवयीनं सगळ्या देखाव्याचं टाइमटेबल लावून टाकलं. पाण्याची टाकी म्हणजे आउटर सिग्नल. पहिला टॉवर म्हणजे होम सिग्नल. तिथून डावीकडे लूप लाइन, आणि लूप लाइन संपते तिथे वाळलेलं झाड. कोणीही डोळा लावला की काका मागून विचारायचे, आउटर सोडला का, होम आला का. गजूभाऊ एकदा लूप लाइनऐवजी मेन लाइनला गेले आणि कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या लुगड्याचा पोत सांगत बसले.

झाडावर दोन संध्याकाळी एक पक्षी दिसत होता. मातकट, मान आखडलेला, कंटाळलेला. गजूभाऊंनी त्याला साळुंकी ठरवलं, तिवारीजींनी कबूतर. आम्ही रोज त्याला ओलांडून पलीकडे नीळकंठ शोधायचो. तिसऱ्या दिवशी तो उडाला आणि उडता उडता पंख उघडले तर आतून निळाच निळा. आमची तोंडं उघडी राहिली. काका धावत खाली गेले आणि काकूंना सांगितलं.

"बसला की तो मातकटच दिसते," काकू म्हणाल्या. "निळं सगळं आत असते त्याच्या. तुम्हाले माहीत नव्हतं?"

चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही जन्मभर नीळकंठ म्हणून मान डोलावत आलो होतो, काकू सांगतील तिकडे पाहून.

* * *

एक छोटी गोष्ट राहिली, धुळीची. दुर्बिणीच्या पुढच्या दोन काचांवर प्लास्टिकची झाकणं होती, ती गजूभाऊंनी पहिल्याच दिवशी हरवली. सिलतऱ्याची धूळ म्हणजे काजळच. तासाभरात काच काळी. पुसली की ओरखडे. काका त्या धुळीवर सगळ्यात जास्त चिडायचे.

काकूंनी मग काकांची जुनी छत्री फाडून दोन टोप्या शिवल्या. काळं कापड, दुहेरी, कडेला इलॅस्टिक. काचांवर अशा घट्ट बसायच्या की वाऱ्याची बिशाद नव्हती. काकांनी नियम केला की डोळा काढला की टोपी घालायची, चहा प्यायचा असला तरी आधी टोपी. त्या टोप्या दुर्बिणीपेक्षा जास्त चांगल्या होत्या असं मला वाटतं. काकूंचा हात चांगला आहे. बसून करायचं कुठलंही काम त्या अजून झकास करतात.

* * *

आणि मग दसरा.

सकाळीच सगळे वर हजर. काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, गुरुजी उपरण्यात, गजूभाऊ दुकानाची पूजा आटोपून, तिवारीजी खुर्चीसकट. स्टँड रोवला. काकांनी डोळा लावला. आउटर सोडला, होम आला, लूप लाइन धरली. आणि झाडावर तो बसला होता. मातकट, मान आखडून, जसा आमची वाटच पाहत होता.

काकांनी स्क्रू आवळले. दुर्बीण तिथेच पक्की झाली. मग ते वळले आणि म्हणाले, "चला, सुमनला आणा वर."

कोणीच हललं नाही.

राजेहो, उन्हाळ्यापासून आम्ही दुर्बीण निवडून राहिलो होतो. नंबर पाहिले, काचा पाहिल्या, शास्त्र पाहिलं, स्टँड पाहिला, पक्ष्याचा पत्ता काढला. आणि ज्या बाईचे दोन्ही गुडघे गेलेत ती तीन मजले चढून वर कशी येणार, हे चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बिल्डिंगीत लिफ्ट नाही. ती आधीपासूनच नाही.

काका दुर्बिणीकडे वळले. सवयीनं त्यांनी दुर्बीण झाकली, काकूंच्या हातच्या त्या काळ्या टोप्या दोन्ही काचांवर बसवल्या आणि जिन्याकडे निघाले. त्यांच्यामागे आम्ही. तिवारीजींनी जाताना आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, तिचा उपयोग होईल म्हणाले.

काकूंनी नवीन साडी नेसली होती, केसात फूल. त्यांनी खुर्ची पाहिली, आम्हाला पाहिलं आणि नाही म्हणाल्या. मग काकांकडे पाहिलं आणि बसल्या. चौघांनी चार पाय धरले. गुरुजी पुढे रस्ता दाखवायला. पहिल्या मजल्यावर गजूभाऊंची कंबर धरली, दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय तडकल्यासारखा वाजला आणि सगळ्यांनी एकदम देवाचं नाव घेतलं. काकू दोन्ही हातांनी काकांचं मनगट धरून बसल्या होत्या. शुभांगी मागून मम्मी, मम्मी करत. काकांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. तिसऱ्या मजल्यावर ते थांबले, तोंडानं श्वास घेतला, आणि आम्ही खुर्ची खाली ठेवू म्हटलं तर मानेनं नाही म्हणाले.

वर पोचलो. खुर्ची थेट दुर्बिणीच्या मागे लावली. स्टँड बसल्या माणसाच्या उंचीवर आणला, निशाणा न हलवता, काकांनी स्वतः. दुर्बिणीचं तोंड कठड्याबाहेर, आम्ही सगळे मागे, आणि सगळ्यांचं लक्ष काकूंकडे. गुरुजींनी श्लोक सुरू केला.

काकूंनी पदर सावरला आणि डोळे लावले.

त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग डोळे काढले, मागे वळून काकांकडे पाहिलं. काका कठड्याला धरून उभे होते, धाप अजून थांबली नव्हती. काकूंनी पुन्हा डोळे लावले. मग हळूच हात जोडले.

"दिसला," त्या म्हणाल्या. "मान वळवून पाह्यलं त्यानं माझ्याकडे. शुभे, डॉक्टरले फोन कर."

शुभांगी रडायलाच लागली. गजूभाऊंनी तिवारीजींना मिठी मारली. काका दुर्बिणीपाशी वाकले, आपणही दर्शन घ्यावं म्हणून. वाकले ते वाकलेच राहिले. मग सरळ झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हो. आहे."

गजूभाऊंनी त्यांना बाजूला सारून डोळे लावले. "अरे..." म्हणाले आणि थांबले. काकूंकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "अरे वा. काय निळा आहे," म्हणाले. तिवारीजी वाकले, उठले, आणि जय हो म्हणून बाजूला झाले. गुरुजींनी पाहिलं आणि श्लोक मध्येच सोडला होता तो पहिल्यापासून सुरू केला.

शेवटी मी डोळे लावले. आत काळंकुट्ट होतं. दुहेरी कापड, छत्रीचं. टोप्या काढल्याच नव्हत्या.

"दिखा, अंकल?" शुभांगीनं कानाला फोन लावून विचारलं.

"दिसला," मी म्हणालो.

मग सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं, आणि चौघांनी पुन्हा खुर्ची उचलली. काकू जिन्याच्या दारापर्यंत आल्या आणि काकांच्या मनगटावर हात ठेवून त्यांनी आम्हाला थांबवलं. मागे वळून दुर्बिणीकडे पाहिलं.

"आणि हे पहा," त्या म्हणाल्या, "त्या टोप्या काढू नका. धूळ बसते."